निशामावशीचं सोवळं

डोंबिवली पूर्व,
६ नोव्हेंबर २०२४

प्रिय निशामावशी,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे जागच्या जागी आहेत. फोन केला असता, पण तुला ऐकू जावं म्हणून मी ओरडले की मजल्यावरच्या चारही बिऱ्हाडांना बातमी कळते, आणि ही बातमी अजून आईलासुद्धा सांगितलेली नाही. व्हॉट्सॲप तू वापरत नाहीस. म्हणून मग तुझ्याच पद्धतीने.

भाऊबीजेला कळव्याला उत्तममामाकडे तू मला दोनदा विचारलंस, "चेहरा का उतरलाय?" मी म्हटलं, फराळ जास्त झाला. तू तुझा स्टीलचा डबा उघडून मऊ भात आणि ताक खात होतीस. मामा नेहमीसारखा म्हणाला, "आमच्या बहिणीचं सोवळं देवालासुद्धा परवडायचं नाही," सगळे हसले आणि माझं उत्तर त्यात बुडालं. खरं कारण हे की मला दिवस गेलेत. सातवा आठवडा.

आनंद व्हायला हवा ना? झाला. पण तो टिकला नाही, भीतीच वाटायला लागली. तीन वर्षांपूर्वी मला क्रोन्स निघाला तेव्हाचं सगळं तू पाहिलंयस. आधी टीबी समजून कित्येक महिने औषधं दिली, मग दुर्बीण घालून आतडं बघितलं तेव्हा कळलं. अडतीस किलो झालेले मी. कुठे निघायचं तर आधी रस्त्यात संडास कुठे आहे ते शोधायचं. आता गोळ्यांनी बरंय, पण हा आजार जात नाही, नुसता झोपतो. आणि आमच्या नव्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, याचा काही भाग रक्तातून येतो. त्यांनी विचारलंय, घरात आणखी कुणाला असं होतं का? वर्षानुवर्षं जुलाब, कळा, रक्त पडणं. सूरजकडे कुणाला नाही. बाबांकडे नाही. आजोळचं तुझ्याइतकं कुणाला माहीत नसणार. आईला विचारलं तर आधी रडेल आणि मग सगळ्या कल्याणला सांगेल.

मावशी, मला खरं सांग. आपल्या घरात हे असेल तर मी हे मूल ठेवणार नाही. सूरज म्हणतो, वेडी आहेस का. पण असं आयुष्य आपल्या हाताने कुणाच्या वाट्याला का द्यायचं? भोगायचं तर त्यालाच असतं ना. लवकर लिही. महिनाअखेरपर्यंत डॉक्टरांना काय ते सांगायचंय.

तुझी,
ऋजु

*

ठाणे,
११ नोव्हेंबर २०२४

चि. ऋजुता,

तू पाकिटावर पिनकोड चुकीचा घातलास. पोस्टमन ओळखीचा आहे म्हणून पत्र पोचलं.

आधी अभिनंदन. भीती वाटते म्हणून ते राहून जायचं कारण नाही.

आता तुझा प्रश्न. तुझे आजोबा दम्याने गेले. आजीला मधुमेह होता. उत्तमला रक्तदाब आहे, तो त्याच्या जिभेमुळे. तुझ्या आईला बोलण्याशिवाय कसलाही आजार नाही. म्हणजे आजोळी कोणालाही असं काही नाही. डॉक्टरांना तसं सांग.

आम्ही बी.एस्सी.ला होतो तेव्हा आनुवंशिकता वाटाण्यांवर शिकवायचे. हिरवा की पिवळा, उंच की बुटका. तुझा आजार त्या हिशोबात बसत नाही. मी मुद्दाम ग्रंथालयात जाऊन वाचून आले. या आजाराशी संबंध असलेल्या दोनशेच्या वर जागा आपल्या जनुकांत सापडल्या आहेत आणि एकेकीचं वजन मोहरीएवढं. शिवाय त्यात आतड्यातले जंतू येतात, खाणंपिणं येतं, आणि जे कोणालाच कळलेलं नाही तेही येतं. तेव्हा 'घरात असेल तर मूल ठेवणार नाही' हे वाक्य शास्त्रात बसत नाही. तुझ्या मनात बसलं आहे, ते वेगळं.

'असं आयुष्य' असं तू लिहिलंस. शब्द जपून वापरावेत.

वेळेवर जेव. सूरजला आशीर्वाद. मुलगा शहाणा आहे.

निशामावशी

*

डोंबिवली पूर्व,
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय मावशी,

ठेवतोय आम्ही! तुझं पत्र सूरजने मोठ्याने वाचून दाखवलं, तुझ्या आवाजात, दटावत. 'कोणालाही असं काही नाही' याच्यावर येऊन थांबला आणि म्हणाला, "बास! कोर्टाचा निकाल आला." मग मी रडले आणि तो खिचडी लावायला गेला.

आईला सांगितलं. अंदाजाप्रमाणे आधी रडली, मग कल्याणहून निघून तासाभरात दारात हजर. तुझं पत्र तिने दोनदा वाचलं.

"ताईने लिहिलंय ना, आपल्यात कुणाला नाही? मग विषय संपला. अगं, ती नोकरीत होती तेव्हा तिची सही असल्याशिवाय त्या कारखान्यातून रंगाचा डबा बाहेर पडायचा नाही."

"आई, ते रंगाचं झालं."

"रंगाचं असो नाहीतर रक्ताचं. रक्तात नाही म्हणजे हे बाहेरच्या खाण्याचंच आहे. ते तुमचे नूडल्स आणि फूडल्स. नीट पथ्य कर, जाईल. आणि पोटात बाळ असताना त्या गोळ्या कसल्या घेतेस? तुझ्या वेळेला मी डोकेदुखीची गोळीसुद्धा घेतली नव्हती."

तिचं अगदीच चूक आहे असं मला वाटत नाही गं. रक्तात असतं तर गोष्ट वेगळी होती. मी गोळ्या आधी अर्ध्या केल्या, आता या आठवड्यात बंदच करतेय. डॉक्टर मॅडम म्हणालेल्या की चालू ठेव, बाळाला त्रास नाही, पण तेव्हा त्यांना कुठे माहीत होतं आपल्याकडे कुणाला नाही ते.

आणि हो, तुझ्यासारखं जेवायचं ठरवलंय. मऊ भात, ताक, बाहेरचं पाणी नाही. घराण्यातलं सोवळं पुढच्या पिढीकडे! हसू नकोस.

तुझी,
ऋजु

*

ठाणे,
२१ नोव्हेंबर २०२४

ऋजुता,

हे पत्र कुरियरने पाठवत आहे. गोळ्या आजच चालू कर. उद्या नाही.

रक्तात नाही म्हणून औषध नको, हे मी कुठे लिहिलं? तुझ्या आईने, जयाने काढलेला निष्कर्ष माझ्या नावावर खपवू नकोस. डॉक्टरांनी गरोदरपण लक्षात घेऊनच औषध दिलं आहे. बाळाला त्या गोळ्यांपेक्षा आजारी आईपासून जास्त धोका असतो. तुझ्या डॉक्टरांना फोन करून हेच विचार, त्याही हेच सांगतील.

मऊ भाताने पोटाला आराम पडतो. त्याने आजार झोपत नाही. हे मला माहीत आहे. कसं माहीत आहे ते विचारू नकोस.

गोळी घेतलीस की एका ओळीत कळव.

मावशी

*

डोंबिवली,
२ डिसेंबर २०२४

मावशींना नमस्कार.

मी पत्रबित्र कधी लिहिलेलं नाही, चुकलं तर माफ करा. तुमच्या दारात येऊन बेल वाजवली, तुम्हाला ऐकू गेली नसेल. म्हणून खाली पायरीवर बसून लिहितोय आणि पेटीत टाकतोय.

ऋजुला शुक्रवारी कल्याणला ॲडमिट केलीय. ताप होता, रक्त जात होतं, उभं राहता येत नव्हतं. आता सलाईन चालू आहे, औषधं परत सुरू केलीत, रक्त थांबत आलंय. बाळ ठीक आहे. सोनोग्राफीत ठोके ऐकवले. मी ऐकले. ऋजुने तोंड भिंतीकडे केलेलं.

तुमचं कुरियर आलेलं. ती म्हणाली, "मावशी काय, सगळ्यांनाच ओरडते," आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. मी पण लक्ष दिलं नाही.

आता ती उलटंच बोलते. म्हणते, "घराण्यात कुणाला नाही, मग मलाच का? मीच एकटी बिघडलेली निघाले. आता माझ्याकडून सरळ याला जाणार. मला नको आहे." मी म्हटलं, "ए, असं काय बोलतेस यार." तर म्हणाली, "तुला नाहीये ना? मग तू गप्प बस." मला नाहीये हे खरंय. म्हणून गप्प बसलो.

मावशी, हे ज्याच्या अंगावरून गेलंय असं कुणीतरी तिच्याशी बोलायला पाहिजे. आमच्या ओळखीत तसं कुणीच नाही. तुम्ही तरी दोन शब्द लिहा, तुमचं तिला लागतं. उद्या वागळे इस्टेटमधून, कामावरून सुटलो की तुमच्याकडे येतो आणि उत्तर घेऊन जातो.

सूरज

*

ठाणे,
३ डिसेंबर २०२४

चि. ऋजुता,

सूरज खाली गाडीवर बसून आहे. वर ये म्हटलं तर बूट चिखलाचे आहेत म्हणतो. त्याला चहा खाली नेऊन दिला. त्याचा चहा संपायच्या आत हे लिहून व्हायला हवं, नाहीतर मी फाडून टाकीन.

मी तुला खोटं लिहिलं. तुझ्या आजोळी एकीला हा आजार आहे. मला.

१९८४ साली मी सव्वीस वर्षांची होते, रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करत होते. रक्त पडायला लागलं. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात तपासून सांगितलं की मोठ्या आतड्याला व्रण आहेत, हे आयुष्यभर राहील. तुझा क्रोन्स आणि माझा कोलायटिस. नावं वेगळी, पण डॉक्टर दोन्ही एकाच घराण्यात मोजतात. आईवडिलांना मी आमांश झाला आहे असं सांगितलं. लग्नाच्या मुलीच्या पोटाची चर्चा त्यांना झेपली नसती, मलाही नसती.

त्याच वर्षी उत्तमचं लग्न झालं. मी पंगतीला बसले नाही, कोपऱ्यात भात-ताक घेऊन बसले. मुलीकडच्या एक आजीबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "एवढी शिकलेली, पण सोवळं पाळते हो पोर!" मी नाही म्हटलं नाही. तेवढ्यावर माझी चाळीस वर्षं निभावली. सोवळं म्हटलं की लोक वाट देतात, जुलाब म्हटलं की नाक धरतात. मसाला नको, बाहेरचं पाणी नको, कोणाकडे मुक्काम नको, सगळं त्या एका शब्दात बसलं. मी देवापुढे साधं निरांजन कधी लावलेलं नाही, आणि तुमच्याकडे माझ्या सोवळ्याचे दाखले देतात. याचं मला पुष्कळदा एकटीला हसू आलं आहे.

मी जन्मभर तराजूवर काम केलं. तुझं पहिलं पत्र वाचून वाटलं की माझं वजन पारड्यात पडलं तर ते पारडं खाली जाईल आणि मूल राहणार नाही. म्हणून ते वजन काढून घेतलं. मोजमाप चुकीचं दिलं की पुढचा माणूस त्यावर चुकीचंच गणित करतो. जयाने केलं, तू केलंस, आणि आज तू सलाईनवर आहेस.

पण आणखी एक होतं. 'असं आयुष्य आपल्या हाताने कुणाच्या वाट्याला का द्यायचं?' हे तू मला विचारलंस. टपालाने विचारलंस. कोणाला विचारते आहेस हे तुला ठाऊक नव्हतं. मी ते वाचलं, चष्मा पुसला आणि परत वाचलं.

तर असं आयुष्य कसं असतं ते ऐक. वाईट असतं तेव्हा फार वाईट असतं. कारखान्यात बायकांचा संडास आवाराच्या पार पलीकडे होता आणि त्याला कुलूप. किल्ली ऑफिसात मागायची, पुरुषांसमोर, दिवसातून कितीदा तरी. तिथे गंगुबाई झाडलोट करायच्या. त्यांनी एकदा जाता जाता दुसरी किल्ली माझ्या एप्रनच्या खिशात टाकली आणि म्हणाल्या, "असू दे, बाय." कधी काही विचारलं नाही. त्यांच्याशिवाय ते कोणाला कळलं असेल असं मला वाटत नाही. एकदा तीन महिने बिछान्यात काढले, सगळ्यांना कावीळ झाली आहे म्हणून सांगितलं. स्टेरॉइडने तोंड सुजलं तेव्हा जया म्हणाली, ताई अंगाने भरली.

आणि त्याच आयुष्यात मी प्रयोगशाळेची प्रमुख झाले. निळ्या रंगाची एक छटा माझ्या हातची आहे, ती ठाण्यातल्या कितीतरी खिडक्यांच्या गजांना लागलेली मी रस्त्याने जाताना ओळखते. पन्नाशीत पोहायला शिकले. तुला अपूर्णांक शिकवले, तू रडत रडत शिकलीस. सकाळी तलावपाळीला फेरी मारून आले की पेपर आणि चहा असतो, आणि त्या वेळी मला कोणाचीही कमी वाटत नाही. आजाराचे दिवस आणि माझे दिवस वेगवेगळे मांडले तर माझेच जास्त भरतील.

मी जन्मलेच नसते तर बरं झालं असतं, असं मला एकदाही वाटलेलं नाही. तुला स्वतःबद्दल वाटलं आहे का? त्याचं उत्तर आधी स्वतःला दे, मग पोटातल्याबद्दल ठरव.

मूल ठेव असं मी सांगत नाही. तो निर्णय तुझा. काहीही ठरवलंस तरी मी तुझ्या बाजूला आहे, आणि जयाला मी बघून घेईन. फक्त माझं वजन आता पारड्यात आहे, ते धरून ठरव. डॉक्टरांना सांग, सख्खी मावशी, कोलायटिस, चाळीस वर्षं. आणि 'मी एकटी' हे वाक्य परत उच्चारू नकोस. ते खोटं आहे.

चहा संपला. हॉर्न वाजवतो आहे. शहाणा म्हटलं होतं, ते मागे घेते.

मावशी

*

कल्याण,
९ डिसेंबर २०२४

मावशी,

परवा घरी सोडलं. सध्या आईकडे आहे. गोळ्या घेतेय. हे आधी लिहिते, नाहीतर तू पुढचं वाचायची नाहीस.

मला तुझा खूप राग आलाय. तीन वर्षं मला वाटत होतं की असं फक्त मलाच होतं. टीबी नाही, क्रोन्स आहे, हे कळलं त्या दिवशी तू माझ्या उशाशी बसून म्हणालीस, "रडून वजन वाढत नाही." तेव्हा सांगायचंस ना! एक वाक्य. मी काय पत्रक छापून वाटणार होते?

आणि काल रात्रीचा राग सकाळी उतरला, कारण दुसरंच काहीतरी आठवलं. त्याच दिवशी तू माझ्या ऑफिसच्या पिशवीत तळाला जास्तीची चड्डी, जुना मऊ टॉवेल आणि प्लास्टिकची पिशवी घातलेलीस. मी म्हटलं, "हे काय?" तू म्हणालीस, "असावं." मला वाटलं, म्हातारी माणसं करतात तसं काहीतरी. त्या टॉवेलने मला किती वेळा वाचवलंय ते तुला लिहून सांगता येणार नाही. पण तुला ते सांगायची गरज नाही. तुला माहीतच आहे.

डॉक्टर मॅडमना तुझं सांगितलं. मी म्हटलं, "आता बोला. किती टक्के?" त्या म्हणाल्या, "मावशीमुळे थोडी भर पडते. मुख्य तुझंच. आईला असला तर शंभर मुलांमधल्या पाच-सात जणांना पुढे आयुष्यात कधीतरी होतो. हे बाहेरच्या देशांतले आकडे, आपल्याकडचे अजून नीट नाहीत." मी म्हटलं, आधी तपासून सांगता येईल का? तर म्हणाल्या, नाही. जनुकं पाहून कुणाला होईल, कुणाला नाही हे आज कुणीच सांगू शकत नाही. मग म्हणाल्या, "उरलेल्या त्र्याण्णव-पंचाण्णव जणांबद्दल कुणी मला विचारतच नाही."

अजून माझं ठरलेलं नाही, मावशी. तुझं पत्र मी उशाखाली ठेवलंय, पण ते वाचून एकदम सगळं सोपं झालं असं नाही. एक विचारायचंय. तू लग्न केलं नाहीस ते याच्यामुळे का? तू तुझे चांगले दिवस लिहिलेस, हा भाग गाळलास. मुलगी झाली आणि तिला झालं, तर तिला हेही सोसावं लागेल का? खोटं लिहायचं असेल तर लिहूच नकोस.

ऋजु

*

ठाणे,
१३ डिसेंबर २०२४

चि. ऋजुता,

विचारलंस म्हणून लिहिते. हे तुझ्या आईलाही माहीत नाही.

साईनाथ म्हणून एक जण होते, आमच्याच कारखान्यात माल रवाना करण्याच्या खात्यात. कळव्याच्या जुन्या घरातले, त्यांच्या वडिलांची मिठागरं होती. बोलायला सरळ. दुपारी डबा घेऊन ते प्रयोगशाळेच्या पायरीवर यायचे आणि मी माझा भात खायचे. त्यांच्याकडे कोलीम असायचं, वाळवलेली बारीक कोळंबी, तिचा वास आतपर्यंत यायचा. मला तो आवडायचा. खाता यायचं नाही.

एक दिवस त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. कारण सांगितलं नाही. त्यांनी माझ्या डब्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "कलला मला. तुमच्या सोवल्यान आमचा कसा निभल?"

त्यांना वाटलं, मी जात पाहिली.

मी तिथेच म्हणायला हवं होतं की अहो, तसं नाही, माझ्या पोटात व्रण आहेत. चार शब्दांचं काम होतं. नाही म्हटलं. पुढे त्यांनी लग्न केलं, मी आहेर घेऊन गेले. त्यांच्या आईने माझ्यासाठी वेगळं, नव्या भांड्यात पाणी काढून ठेवलं होतं. मी ते प्यायले. साईनाथ दुसरीकडे बघत होते.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ते माझ्याकडून आजाराने नेलं का? मी पुष्कळ वर्षं तसंच समजत होते. पण तू तुझ्या सूरजला लग्नाच्या आधी दुर्बिणीचे फोटो दाखवलेस, हे मला जयाने सांगितलं होतं, तोंड वाकडं करून. तो म्हणाला होता, "हे काय, आपल्या स्टेशनजवळच्या बोगद्यासारखं दिसतंय." आणि लग्न केलं. तेव्हा मी घरी येऊन बराच वेळ गॅलरीत बसले. हाच आजार, हेच शहर. साईनाथही असंच काहीतरी बोलले असते. बहुतेक जास्त विनोदी.

तुझ्या मुलीला झालाच, तर तिला हे सोसावं लागणार नाही. कारण तिची आई न लाजता बोलते. जनुकांतून काय जाईल ते आपल्या हातात नाही. पण गप्प बसणं जनुकांतून जात नाही, ते आपण शिकवतो. तू ते शिकवणार नाहीस.

माझ्याकडे आता लिहायचं काही उरलं नाही. तू ठरव.

मावशी

ता. क. जयाला माझ्याबद्दल तूच सांग. मी सांगितलं तर ती रडेल आणि मला ते ऐकू आलं नाही असा आव आणावा लागेल.

*

डोंबिवली पूर्व,
२१ डिसेंबर २०२४

प्रिय मावशी,

आईला सांगितलं. आधी पोळपाटावर लाटणं तसंच धरून बसली. मग म्हणाली, "म्हणजे चाळीस वर्षं मी तिच्यासाठी वेगळं सोवळ्याचं पाणी भरून ठेवत होते, ते कशाला?" मग रडली. मग म्हणाली, "साधं पोट दुखतंय म्हणाली असती, तर मी रोज जाऊन बसले असते तिच्याजवळ." मी म्हटलं, "आई, म्हणूनच म्हणाली नसेल." त्यावर ती हसली आणि पुन्हा रडली. पुढच्या रविवारी ती तुझ्याकडे येतेय. आव आणायची तयारी ठेव.

साईनाथांबद्दल तिला सांगितलेलं नाही. ते माझ्यापाशी आहे.

काल डॉक्टर मॅडमकडे गेलेले. सूरज रजा टाकून आलेला. मॅडमनी एक कोरा कागद घेतला, म्हणाल्या, आपण तुमच्या घराण्याचा नकाशा काढू. बायका म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन, आणि आजार असेल तो आतून काळा करायचा. आजी-आजोबा, मामा, आई, बाबा, सगळे रिकामे. मग मला काळं केलं. सगळ्या पांढऱ्यांमध्ये तो एकच ठिपका. तेवढ्यात मॅडमनी आईच्या शेजारचा गोल भरला. तुझा. मावशी, तो कागद बघताना काय वाटलं ते मला लिहिता येत नाही. वर तू, खाली मी. सूरज माझ्या कानात म्हणाला, "बघ, ओळखीचं माणूस भेटलं."

त्या म्हणाल्या, मावशींना एकदा घेऊन ये, इतकी वर्षं झाली म्हणजे त्यांची दुर्बीण वेळेवर व्हायला हवी. मी गुरुवारची वेळ घेतलीय. तू नाही म्हणू शकतेस, पण मी रिक्षा घेऊन दारात उभी असेन आणि बेल तुला ऐकू येईपर्यंत वाजवेन. फॉर्मवर नातेवाईक म्हणून माझी सही.

मग मॅडमनी पेन टेकवलं आणि थांबल्या. माझ्या आणि सूरजच्या मधल्या रेघेखाली बोट ठेवून म्हणाल्या, "पोटातलं मूल असेल तर इथे एक खूण करतात. शंकरपाळ्यासारखी. मुलगा की मुलगी कळलेलं नसतं ना, म्हणून गोलही नाही आणि चौकोनही नाही. काढू की नको?"

सूरज माझ्याकडे बघत होता.

मी म्हटलं, "द्या इकडे, मी काढते." रोज ऑफिसात नकाशेच काढते, एवढं जमतं मला. चारही रेघा सरळ आल्या.

मॅडम म्हणाल्या, "आत रंग भरायचा नाही हं."

म्हटलं, "नाही भरत. मोकळं राहू दे त्याला."

तुझी,
ऋजु